दरड कोसळण्याआधी डोंगर काय सांगतो? डिचोली, सत्तरी, दोडामार्ग पट्ट्यासाठी पावसाळी माहिती

डिचोली : मृगाचा पाऊस एकदा लागला की डिचोलीच्या बाजारात दोन चौकश्या हमखास ऐकू येतात. एक, नदीचे पाणी किती चढले? आणि दुसरी, चोर्ला घाट चालू आहे की बंद? पुराचा अंदाज डिचोली, साखळीच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पाणी पायरी-पायरीने चढते, डोळ्यांना दिसते, दुकानातला माल वर उचलायला वेळ मिळतो. दरडीचे तसे नाही. वर्षानुवर्षे जागचा न हललेला डोंगर मिनिटभरात खाली येतो आणि मग ‘अचानक कोसळला’ असे सगळे म्हणतात.

खरे पाहता डोंगर क्वचितच अचानक कोसळतो. आधी काही दिवस, कधी काही तास तो खुणा देत असतो. त्या ओळखायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. काय बघायचे आणि कधी बघायचे एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ होते. डिचोली, सत्तरी, पेडणे, शेजारचे दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड आणि पलीकडचे खानापूर, बेळगाव इथल्या वाचकांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

जुलैचा दुसरा पंधरवडा

मागच्या काही वर्षांतल्या मोठ्या दुर्घटनांच्या तारखा एका ओळीत मांडल्या तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते.

- माळीण (आंबेगाव, पुणे) : ३० जुलै २०१४. सकाळच्या वेळी डोंगर गावावर आला. १५१ जणांचा मृत्यू. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर कळले.
- तळिये (महाड, रायगड) : २२ जुलै २०२१. ऐंशीहून अधिक बळी.
- इर्शाळवाडी (खालापूर, रायगड) : १९ जुलै २०२३, रात्रीची वेळ. २७ मृतदेह हाती लागले, पन्नासहून अधिक माणसे सापडलीच नाहीत.
- शिरूर (अंकोला, उत्तर कन्नड) : १६ जुलै २०२४. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, डोंगर कापून केलेल्या रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानावर दरड. केरळमधील एका चालकाचा ट्रक गंगावळी नदीच्या तळातून काढायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला.
- वायनाड (केरळ) : ३० जुलै २०२४, पहाटेच्या अंधारात.

महाड तालुक्यातील दासगाव, जुई परिसरातल्या २००५ च्या दरडीही जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्याच. हा योगायोग नाही. जूनमधला पाऊस जमीन पिऊन घेते. सहा आठवडे झाले की जमिनीचे पोट भरते. त्यानंतर आलेले पाणी मुरायला जागा उरत नाही. म्हणून जूनमध्ये जो पाऊस काहीच करत नाही, तेवढाच पाऊस जुलैच्या शेवटी डोंगर पाडतो. ‘एवढा पाऊस तर महिन्यापूर्वीही झाला होता, तेव्हा काही झाले नाही’ हा हिशेब इथे चुकतो.

आणखी एक बाब. इर्शाळवाडी ही सरकारी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे समजून स्वस्थ बसता येत नाही.

डोंगराला विचारायचे चार प्रश्न

दरड माती-दगडाची असो, नाहीतर हिमालयातली बर्फाची, तिच्या मुळाशी चारच गोष्टी असतात : उतार, थर, भार आणि निमित्त. बर्फावर स्कीइंग करणारे आणि सियाचिनवर पहारा देणारे जवान पुढे पाऊल टाकण्याआधी याच चार गोष्टी तपासतात. आपल्याकडच्या डोंगरालाही हीच तपासणी लागू पडते.

१. उतार किती?

बर्फाच्या दरडी बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ टिकून राहतो आणि त्याहून उभ्या कड्यावर तो साठतच नाही, थोडा-थोडा गळून पडतो. मातीचे गणित थोडे निराळे आहे. कोरडी सुटी माती किंवा खाणीतली भर आपण होऊन साधारण ३५ ते ३८ अंशांवर स्थिर राहते. पण तीच माती पाण्याने भिजून चिंब झाली की २०-२५ अंशांचा उतारही तिला पुरतो. एकदा ती चिखल होऊन वाहू लागली की जवळजवळ सपाट जागेतूनही लांबवर जाते.

उतार मोजायला एक मीटरची सरळ काठी आणि मोजपट्टी बस. काठीचे एक टोक उतारावर टेकवायचे, काठी आडवी, अगदी समपातळीत धरायची आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे.

- अंतर ५८ सेंटिमीटर भरले तर उतार ३० अंश
- ७० सेंटिमीटर भरले तर ३५ अंश
- ८४ सेंटिमीटर भरले तर ४० अंश
- १०० सेंटिमीटर भरले तर ४५ अंश

मोबाइलमध्येही उतार दाखवणारी ॲप मिळतात. मोजणी मात्र पावसाआधी, उन्हाळ्यात करून ठेवावी. भर पावसात काठी घेऊन उतारावर जायचे नाही.

घरामागचा उतार पाहताना तो नैसर्गिक आहे की कापलेला, हे महत्त्वाचे. वर डोंगर तीस अंशांचा आणि पायथ्याला घरासाठी जेसीबीने केलेला कट जवळजवळ उभा, असे दृश्य आता गावोगाव दिसते. पायथा म्हणजे डोंगराची टेकण. ती काढून घेतली की वरचा भाग लोंबकळत राहतो.

२. आतले थर कोणते?

बर्फात सर्वांत घातक रचना कोणती? खाली भुसभुशीत, साखरेसारखा दाणेदार थर आणि त्यावर नव्या बर्फाची घट्ट लादी. वरून पांढरेशुभ्र, भक्कम दिसते. पण मधला थर दबला की अख्खी लादी एकदम निसटते.

गोवा-कोकणच्या सड्यांवरची रचना हिच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. वर जांभ्याचे कठीण टोपण. त्यावरून गाडी नेली तरी चालते. पण जांभा सच्छिद्र, भेगाळलेला; पाणी त्यातून सरळ खाली उतरते. खाली असते पांढरट, गुलाबी किंवा पिवळसर चिकणमाती, ओली झाली की हाताला साबणासारखी लागणारी. विहीर खणताना किंवा चिरेखाणीच्या तळाला ही माती पुष्कळांनी पाहिलेली असते. पाणी या मातीपाशी येऊन थांबते, आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वरचे टोपण किती जड, हा प्रश्न दुय्यम. ते कशावर बसले आहे, हा प्रश्न खरा.

घाटाकडे, केरीच्या अंजुणे धरणावरून चोर्ल्याकडे चढताना, चित्र बदलते. तिथे कठीण खडकावर माती आणि दगडगोट्यांचा पातळ-जाड थर बसलेला आहे. पाणी माती भेदून खडकापर्यंत जाते, पण खडकात शिरत नाही. मग माती आणि खडक यांच्या सांध्यातच ते जमते आणि वरचा थर सुटतो. घाटात झाडांसकट माती खाली आलेली दिसते ती यामुळे. झाडे आहेत म्हणून डोंगर पक्का, हे अर्धेच खरे. मुळे वरची दोन-तीन मीटर माती बांधून ठेवतात. सुटणारा सांधा त्याखाली असला तर झाडे मातीसोबतच खाली येतात. तरीही झाडे तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मुळे कुजली की उरलेली पकडही जाते आणि त्या जागी पाण्याला वाट मिळते.

पेडण्यातले उदाहरण ताजे आहे. जुलै २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात पाणी आणि चिखल शिरल्याने गाड्या थांबवाव्या लागल्या. डोंगराच्या पोटातले पाणी वाट शोधत असते. ती मिळाली नाही तर ते वाट करून घेते.

३. भार किती वाढला?

पावसाचे पाणी वजनाने किती असते, याचा अंदाज सहसा नसतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक एकर जागेवर सुमारे ४ लाख लिटर, म्हणजे ४०० टन पाणी पडते. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर एका एकरावर रिकामे केल्यासारखे. त्यातले काही वाहून जाते, काही मुरते. मुरलेले पाणी नुसते वजन वाढवत नाही. मातीच्या कणांमध्ये शिरून ते कणांना एकमेकांपासून दूर रेटते आणि त्यांची पकड सैल करते. दरडीचे खरे कारण बहुधा हेच असते.

हवामान खात्याची २४ तासांच्या पावसाची वर्गवारी लक्षात ठेवण्यासारखी आहे :

- ६४.५ ते ११५.५ मिमी : मुसळधार
- ११५.६ ते २०४.४ मिमी : अतिमुसळधार
- २०४.४ मिमीच्या पुढे : अत्यंत मुसळधार

तळियेच्या दुर्घटनेच्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात वाशिष्ठीच्या पुराने कोकण रेल्वे बंद झाली, मंगळुरूहून मुंबईला निघालेली गाडी मडगाव-लोंढा मार्गाने वळवण्यात आली आणि २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर-सोनावळी दरम्यान दरडीने तिचे डबे घसरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. दरड फक्त ‘तिकडे रायगडात’ पडते, असे म्हणणाऱ्यांसाठी ही घटना पुरेशी बोलकी आहे.

गावात पर्जन्यमापक नसेल तर सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी ठेवावा. झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. रोज सकाळी ठरावीक वेळी आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजायची, वहीत लिहायची आणि डबा रिकामा करायचा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सलग तीन दिवसांची बेरीज जास्त सांगते. डबा हा सरकारी यंत्रासारखा अचूक नसतो, पण आपल्या वाड्यावर किती पडले हे पणजीच्या आकड्यापेक्षा तोच खरे सांगतो. घाटाच्या पायथ्याला आणि किनाऱ्याला एकाच दिवशी पडणाऱ्या पावसात मोठा फरक असतो, हे सत्तरीच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

४. निमित्त काय ठरेल?

बर्फावर एका माणसाचे वजनही निमित्ताला पुरते. आपल्याकडे निमित्त बहुतेक वेळा तासाभराची जोराची सर असते. पण पाया खिळखिळा करणारी कामे आधीच झालेली असतात :

- रस्ता किंवा घरासाठी पायथा कापणे
- उतारावर भर घालून सपाट जागा तयार करणे
- वरच्या सड्यावरचे पाणी वळवून एकाच जागी सोडणे, किंवा जुना व्हाळ बुजवणे
- उतारावर चर खणून पाणी साठू देणे
- लागवडीसाठी जंगल साफ करून जेसीबीने पायऱ्या काढणे

दोडामार्ग, तिलारी भागात रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी डोंगर उघडे झाले आहेत, हे त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण पाहतो. माळीणनंतरही डोंगरावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाची मोठी चर्चा झाली होती. लागवड करूच नये असे नाही. पण पायरी काढली तर पाण्याची वाटही काढावी लागते. पाणी उतारावर साठता कामा नये. ते सरळ नैसर्गिक व्हाळाला मिळाले पाहिजे.

डिचोलीचा वेगळा प्रश्न : खाणींचे डंप

डिचोली तालुक्यात निसर्गाने केलेल्या डोंगरांच्या जोडीला माणसाने केलेले डोंगरही आहेत. लोहखनिज काढताना एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. ती टाकून जे ढीग झाले, त्यांनाच इथे सगळे डंप म्हणतात. शिरगाव, मुळगाव, लामगाव, मये, पिळगाव, अडवलपाल, पाळी, वेळगे या भागात डंप, खंदक आणि भातशेती एकमेकांना खेटून आहेत. डंपावरून उतरलेल्या गाळाने शेते भरल्याची तक्रार इथे नवी नाही.

नैसर्गिक डोंगराची माती हजारो वर्षांत दबून बसलेली असते. डंपाची माती ट्रकने ओतलेली. तिचा उतार आधीच तिच्या टोकाच्या कोनावर, ३५-३८ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पाऊस पडण्याआधीच ती काठावर उभी असते. खाणविषयक नियमांत माती, मुरूम, भर अशा सैल जागी बाजूंचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या आणि उंचीइतक्या तरी रुंद पायऱ्या काढायच्या, असे बंधन आहे. त्यावर देखरेख करणे हे खाण सुरक्षा महासंचालनालयाचे काम आहे.

गोव्यातील खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये थांबल्या. २१ एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द झाल्याने मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ पासून लिलाव झाले आणि डिचोलीचा खाणपट्टा २०२४ मध्ये पुन्हा हलू लागला. या सगळ्या वर्षांत कोर्टात काय चालले होते याच्याशी पावसाला देणेघेणे नव्हते. खाण बंद असली तरी डंपावर पाऊस पडायचा थांबत नाही. पायथ्याचा बांध, कडेचे चर, गाळ अडवणारी तळी यांची निगा दरवर्षी राखावी लागते. एक वर्ष चुकले की चर भरतात आणि पाणी मन मानेल तिकडून उतरते.

डंपाशेजारी राहणाऱ्यांनी पावसाआधी एवढे पाहून ठेवावे :

- डंपाचा उतार एकसंध आहे की मध्ये पायऱ्या आहेत? एकसंध उंच उतार जास्त धोक्याचा.
- माथ्यावर पाणी साठते का? माथा आतल्या बाजूला कलता असून पाणी चरात जायला हवे.
- अंगावर घळी किती खोल? गेल्या वर्षी गुडघाभर असलेली घळ यंदा डोकाभर झाली असेल तर तिची तक्रार लेखी द्यावी.
- पायथ्याचा बांध फुगलाय का, त्याच्या तळातून लाल पाणी झिरपतेय का?
- पायथ्याची माती कोणी उचलली आहे का? जुन्या डंपांतली कमी प्रतीची माती आता विकली जाते. खालून उचल झाली की वरचा भाग अधांतरी राहतो.

आकेशियाची झाडे लावलेला जुना डंप तुलनेने बसलेला असतो. पण त्यावरही वरील पाच गोष्टी पाहायच्याच.

डोंगराच्या खुणा

पुढील खुणांपैकी एक दिसली तर लक्ष ठेवावे. दोन-तीन एकदम दिसल्या तर वाट पाहू नये.

- माथ्यावर किंवा उतारावर चंद्रकोरीसारखी भेग. ती आडवी, उताराला छेद देणारी असेल तर जास्त गंभीर. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजून ठेवावे. अंतर वाढत असेल तर डोंगर चालतोय.
- पूर्वी सरळ असलेली झाडे, विजेचे खांब, कुंपण कलणे.
- घराच्या दारे-खिडक्या एकाएकी अडकू लागणे, जमिनीला किंवा भिंतीला नवी तिरकी भेग.
- जिथे कधी झरा नव्हता तिथे पाणी फुटणे. किंवा नेहमीचा झरा भर पावसात आटणे.
- झऱ्याचे स्वच्छ पाणी गढूळ होणे.
- जोराचा पाऊस चालू असताना व्हाळाचे पाणी एकदम कमी होणे. वर कुठेतरी माती पडून पाणी तुंबले आहे आणि ते फुटून येणार, असा याचा अर्थ.
- लहान दगड घरंगळत राहणे, झाडांची मुळे तुटल्याचा कडकड आवाज, गाडी जवळ येत असल्यासारखी घरघर.

बर्फावर चालणाऱ्यांच्या खुणाही अशाच. पाऊल टाकताच खालून ‘धप्प’ असा पोकळ आवाज, पायापासून सरसर पळत जाणारी भेग, शेजारच्या उतारावर नुकतीच सुटलेली दरड. यांपैकी काहीही दिसले तर जाणकार तिथूनच मागे फिरतो.

सियाचिन आणि गुलमर्गचा धडा

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी पंचवीस-तीस फूट बर्फाखालून जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. त्याच तुकडीत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे सुनील सूर्यवंशी होते. त्या आठवड्यात बेळगाव ते साताऱ्यापर्यंत घराघरांत तीच बातमी होती.

सहा दिवसांनी सापडणे हा अपवाद. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची शक्यता मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. म्हणून स्कीइंगला जाणारे प्रत्येकी संदेशयंत्र, लांब सळई आणि फावडे बाळगतात; बाहेरची मदत येईपर्यंत वेळ उरत नाही. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहत राहायचे, हा त्यांचा नियम. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवट शिखराजवळ पोलंडचे दोन स्कीपटू दरडीत गेले. इथून गुलमर्ग, मनालीला सहलीला जाणाऱ्यांनी आखलेल्या मार्गाबाहेर पाऊल टाकू नये. डीआरडीओची चंडीगडची संस्था बर्फाच्या दरडींचा इशारा देते, तो निघण्याआधी विचारावा. ताजी मोठी हिमवृष्टी झाल्यावर पहिला एक-दोन दिवस डोंगराला द्यायचा, उतरायची घाई करायची नाही.

हाच नियम आपल्या घाटालाही लावता येतो. मोठा पाऊस थांबला म्हणून लगेच निघायचे नाही. आत मुरलेले पाणी अजून वाटेत असते.

घाटातून जाताना

पणजी-साखळी-चोर्ला-बेळगाव, मोले-अनमोड, दोडामार्ग-तिलारी आणि सावंतवाडी-आंबोली हे चार घाट या पट्ट्याची नाडी आहेत. दवाखाना, भाजी, दूध, नोकरी सगळे त्यांवर. त्यामुळे ‘जाऊच नका’ म्हणणे सोपे, पाळणे अवघड. जायचेच तर :

- नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर रात्रीचा प्रवास टाळावा. अंधारात दगड दिसत नाही, भेगही दिसत नाही.
- कापलेल्या उभ्या कड्याखाली, मोरीच्या तोंडाशी, धबधब्याखाली गाडी थांबवू नये. चहासाठीही नाही. शिरूरची दुर्घटना थांबलेल्या जागीच झाली.
- रस्त्यावर ताजी लाल माती, ओले दगड, गढूळ पाण्याचा लोट दिसला तर वर काहीतरी सुटले आहे. गाडी मागे घ्यावी आणि मागच्यांनाही थांबवावे.
- समोर दरड पडली असेल तर पाहायला, फोटो काढायला पुढे जाऊ नये. पहिल्या दरडीनंतर तिथेच दुसरी येण्याचा संभव मोठा असतो.
- दरीच्या बाजूचा रस्ता खचलाय का, डांबराला कडेने समांतर भेग आहे का, हेही पाहावे. वरून पडते तसे खालूनही निसटते.

कोकण रेल्वेने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडांवर आदळली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले गेले, जाळ्या बसल्या, पावसात गस्त वाढली, गाड्यांचा वेग उतरवला गेला. पावसाळी वेळापत्रकात गाडी उशिरा पोहोचते म्हणून आपण कुरकुरतो, त्या उशिरामागे हे आहे.

घर पायथ्याला असेल तर

- मागच्या कटापासून घर जितके लांब तितके बरे. निदान झोपायची खोली डोंगराकडची नको.
- कटाच्या माथ्यावर पाणी वळवणारा चर हवा. संरक्षक भिंत बांधली तर तिला पाणी जायला भोके हवीत. भोके नसलेली भिंत पाणी अडवते आणि मग पाण्यासकट पडते.
- छपराचे, न्हाणीचे, शोषखड्ड्याचे पाणी उतारात मुरू देऊ नये.
- सलग तीन दिवस मोठा पाऊस आणि लाल इशारा असेल, तर खुणा दिसोत वा न दिसोत, रात्रीपुरते नातेवाइकांकडे किंवा शाळेत जावे. सकाळी काहीच झाले नाही तर त्यात हसण्यासारखे काही नाही.
- वाड्यावर आळीपाळीने एकाने जागे राहावे. इर्शाळवाडी काय, वायनाड काय, माणसे झोपेत गेली.
- पळायची वेळ आली तर उताराच्या दिशेने खाली नाही, आडवे पळावे. मातीचा लोट माणसापेक्षा वेगाने येतो. व्हाळाच्या पात्रापासून दूर, उंचवट्याकडे जावे.
- कागदपत्रे, औषधे, बॅटरी, चार्ज केलेला मोबाइल एका पिशवीत दाराशी.

कोणाला कळवायचे

तातडीच्या मदतीला ११२ हा क्रमांक गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक तिन्ही राज्यांत चालतो. भेग, झरा, कललेला खांब अशी खूण दिसल्यास पंचायत आणि मामलेदार कार्यालयाला लेखी कळवावे. तारीख घातलेला फोटो जोडावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले पावसात वाहून जाते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशाचे दरडप्रवणता नकाशे तयार केले असून ते ‘भूकोश’ संकेतस्थळावर पाहता येतात. जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. मात्र रोजच्या इशाऱ्याची सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून झाली. आपल्या वाड्यामागच्या टेकडीसाठी दिल्लीहून वा कोलकात्याहून फोन येईल, या भरवशावर राहून चालणार नाही. सीमेचा प्रश्न तर आणखी वेगळा. डोंगर तीन राज्यांत पसरलेला आहे. माथ्यावर बेळगावच्या बाजूला पडलेला पाऊस सत्तरीच्या व्हाळाने उतरतो, दोडामार्गात खणलेला उतार खाली डिचोलीकडे वाहतो. इशारा मात्र राज्याच्या हद्दीवर थांबतो. त्यामुळे माथ्यावरच्या गावाने पायथ्याच्या गावाला केलेला एक फोन अनेकदा सरकारी संदेशाआधी पोहोचतो. असे चार-पाच क्रमांक प्रत्येक वाड्यावर पावसाआधी लिहून ठेवलेले असावेत.

पावसाआधीची उजळणी

मे महिन्यात, आंबे उतरायच्या दिवसांत, गावातल्या दोघा-तिघांनी मिळून एक फेरी मारावी. उतार मोजावा, भेगा पाहाव्यात, चर मोकळे करावेत, झरे कुठे आहेत ते लिहावे. हीच फेरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, उघडीप असलेल्या दिवशी, पुन्हा मारावी आणि काय बदलले ते पाहावे. डोंगर रोज पाहणाऱ्यालाच त्यातला फरक कळतो. गुरे चारणारे, काजू बागायतीत राबणारे, कुळागराचे पाणी बघणारे यांनी ‘यंदा झरा गढूळ येतोय’ असे सांगितले तर ते हसण्यावारी न्यायचे नाही. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात अशा एका वाक्यावर वाडा रिकामा करायची तयारी हवी.